बाकडं, अंगण आणि मंडपाची जागा

सिंधुदुर्गातल्या जत्रेत मध्यरात्री पोचलात तर रंगमंच शोधत फिरावं लागत नाही. देवळापुढं चटया-पोती अंथरून गाव बसलेला असतो आणि लोकांनी मधे मोकळी सोडलेली जागा हाच दशावतार या लोकनाट्याचा मंच. त्यावर एक लाकडी बाकडं. राजा बसला की ते सिंहासन, योद्धा चढला की रथ. समोरच्यांनी मानलं नाही तर ते नुसतं बाकडंच राहील, म्हणून हे नेपथ्य अर्धं प्रेक्षकांनी उभारलेलं असतं असं मी मानतो. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरलेलं असलं तरी संवाद उभ्या-उभ्या रचले जातात आणि दाद मिळेल तसा प्रसंग लांबतो. रत्नागिरीकडे शिमग्यात खेळे, म्हणजे लोकनाट्याची मंडळी, घरोघर फिरतात, तेव्हा ज्याचं अंगण त्याचाच त्या घटकेपुरता मंच.

मुंबईत मात्र वेगळी जागा घडत होती. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक केलं. दहा वर्षांत त्यांची मंडळी ग्रँट रोडच्या नाटकघरात खेळ करू लागली. पडदा, चौकट, तिकीट, दरानुसार खुर्च्या. प्रेक्षक गप्प बसायला शिकला.

म्हणून गावचं अंगण सर्वांचं होतं असं समजू नये. देवळाच्या आवारात कोण येणार, कोण लांब उभं राहून ऐकणार, हे जातीनं ठरलेलं असे. या इतिहासातलं सर्वांत मोठं पान कोकणातच, महाडला लिहिलं गेलं. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेनं गावातलं चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडच्या परिषदेला जमलेल्या हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला. डिसेंबरच्या परिषदेला तर मंडप घालायलाच कुणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. त्याच मंडपासमोर २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळं सार्वजनिक आहे यावर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला १९३७ उजाडलं. जागा आधी मिळवावी लागते, मग ती सजवता येते. मंच कसा बांधावा यावर बोलणाऱ्यांनी हे दहा वर्षांचं अंतर लक्षात ठेवावं, असं मला कळकळीनं वाटतं.

रत्नागिरीत १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर बांधलं. तिकडे गिरणगावातल्या चाकरमान्यांनी जाखडी आणि नमन हे कोकणातले लोककलाप्रकार मुंबईच्या नाट्यगृहांत नेले. अंगणातली गोल मांडणी तिथं एका बाजूला तोंड करून उभी राहिली.

आता दशावतारालाही उंच स्टेज आणि रंगीत दिवे आले आहेत. जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’, म्हणजे चमत्काराची दृश्यं असलेलं, असं ठळक छापतात आणि गर्दी होते. बाकडं अजून आहे. आणि शिमग्यात पालखीचा मान कुणाचा, यावरून काही गावांत आजही पोलीस बंदोबस्त लागतो.