बारमाही पॉपी आणि आपला पावसाळा

ठाण्या-नवी मुंबईच्या गच्चीवर ओरिएंटल पॉपी हे बारमाही फुलझाड लावणाऱ्याला बहुधा एकच अनुभव येतो. थंडीत रोप उगवतं, केसाळ पानं धरतं आणि पावसाळा सरेपर्यंत मातीत काही उरत नाही. मग खताला, नाहीतर बियाण्याला बोल लावला जातो. खरं कारण या झाडाच्या मुलखात आहे.

हे झाड कॉकेशस, ईशान्य तुर्कस्तान आणि उत्तर इराणच्या डोंगरांतलं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्नफोर १७०० साली पूर्वेच्या प्रवासाला निघाला आणि त्या डोंगरांतून याचं बी पॅरिसला पोचलं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘पापावर ओरिएंटाले’ हे शास्त्रीय नाव दिलं. त्याच्या मूळ डोंगरांत हिवाळाभर बर्फ, वसंताच्या अखेरीस फुलं आणि त्यानंतर कोरडा उन्हाळा. फुलं सरली की पानं वाळतात, जाड सोटमूळ कोरड्या जमिनीत झोपतं आणि शरदात पुन्हा फुटतं. नेमक्या या झोपेच्या दिवसांत आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. मूळ कुजतं. शिवाय हवी तेवढी थंडीही इथे पडत नाही.

युरोपात दोनशे वर्षं ही पॉपी लाल-केशरीच राहिली. १९०६ च्या सुमारास लंडनजवळच्या एन्फिल्डचे रोपवाटिकाकार एमॉस पेरी यांना रोपांमध्ये एक गुलाबी फूल दिसलं. त्यांनी त्याला ‘मिसेस पेरी’ म्हटलं. पुढे पांढरी जातही त्यांच्याच हातून आली. अशा जाती बियांतून जशाच्या तशा येत नाहीत, म्हणून त्या मुळांच्या तुकड्यांपासून वाढवतात. बियांच्या पाकिटावरचा रंग हमखास मिळेल असं धरू नये, ते यामुळेच.

हिमालयातल्या निळ्या पॉपीचा मोह मोठा. इंग्रज वनस्पतिशोधक किंग्डन-वॉर्ड यांनी १९२४ मध्ये तिबेटातून तिचं बी नेलं आणि ब्रिटनच्या बागांत ती रुजली. पण तिला उन्हाळाही गार लागतो. ठाण्यात तिचा नाद करू नये.

आपल्याला साथ देते ती हंगामी शर्ली पॉपी. १८८० च्या सुमारास इंग्लंडातल्या शर्ली गावचे पाद्री विल्यम विल्क्स यांना शेतातल्या लाल पॉपीत पांढऱ्या कडेचं एक फूल सापडलं. त्याचंच बी निवडत निवडत त्यांनी हे नाजूक रंग घडवले. मला ही पॉपी ओरिएंटलपेक्षा कमी देखणी कधीच वाटली नाही. नोव्हेंबरात थेट कुंडीतच पेरा, कारण उपटून लावलेलं तिला सोसत नाही. स्वयंपाकघरातली खसखस मात्र पेरू नका: ती अफूच्या झाडाची, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय तिची लागवड गुन्हा आहे.