जर्मनीत आनमेल्डुंग: कोणाला लागतं, कधी करायचं आणि कुठली कागदपत्रं

जर्मनीत घर मिळालं की पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे आपला पत्ता ब्युर्गरआम्टात (नागरिकांच्या कामांचं स्थानिक सरकारी ऑफिस) नोंदवणं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायचं असतं, आणि ॲग्रीमेंटवरची नाही तर प्रत्यक्ष राहायला गेलात ती तारीख धरतात. तीन महिन्यांच्या आत परत जाणाऱ्या आईबाबांना याची गरज नाही.

पासपोर्ट, व्हिसा आणि भरलेला फॉर्म लागतो, फॅमिली सोबत असेल तर लग्नाचे-जन्माचे ओरिजिनल दाखले पण न्या, नुसते मराठीत असतील तर जर्मन भाषांतर करून. पण खरं घोडं अडतं ते वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंगवर. नाव वाचून दचकू नका, एका पानाचा कागद आहे, घरमालक लिहून देतो की अमुक माणूस अमुक तारखेला इथे राहायला आला. नोव्हेंबर २०१५ पासून हे कंपल्सरी आहे, नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. सबलेटवर, म्हणजे पोटभाड्याने, रूम घेताना म्हणूनच आधी विचारा की आनमेल्डुंग करता येईल ना, कारण काही जाहिरातींत सरळ लिहिलेलं असतं की होणार नाही, आणि भाडं कमी दिसतंय म्हणून ती रूम घेतली की पुढचं सगळं लटकतं. पैसे घेऊन नुसता पत्ता देणारेही भेटतात, त्यांच्या नादी अजिबात लागू नका, असा खोटा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. मालक द्यायला टाळाटाळ करत असेल तर तसं ऑफिसात सांगा, तो कागद देणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची. बर्लिनसारख्या शहरात दोन आठवड्यांच्या आतली मिळेलच असं नाही, मग बुकिंगचं कन्फर्मेशन जपून ठेवा. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो, तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातून चर्च टॅक्स कापतात, गोव्या-वसईकडच्यांनी हे आधीच माहीत करून घ्यावं.

काम झालं की पत्ता नोंदवल्याचा कागद हातात मिळतो, बँक आणि रेसिडेन्स परमिट दोन्हीकडे तो मागतात. ११ आकडी टॅक्स आयडी नंतर पोस्टाने येतो, त्यामुळे लेटरबॉक्सवर आपलं आडनाव चिकटवलंच पाहिजे, नाहीतर पत्र परत जातं. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्रही येईल, महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. ती माणशी नसून घरटी असते, शेअरिंगमध्ये आधीच कोणी भरत असेल तर त्याचा या फीचा नंबर कळवून मोकळं व्हा.