एन्ड्युरन्सचे प्रवेशशुल्क: परतावा कुठे संपतो आणि चार्जबॅक कुठे सुरू होतो

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहाटे सराव करणारे जे मुंबईकर स्वार आता 40 किंवा 60 किलोमीटरच्या एन्ड्युरन्स स्पर्धांकडे, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळले आहेत, त्यांच्यात एक सल्ला सर्रास दिला जातो: आयोजक प्रवेशशुल्क परत देत नसतील तर सरळ बँकेत चार्जबॅक टाका, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम बँकेमार्फत परत मागा. आयोजकांनी नकार दिला की तेच गाऱ्हाणे बँकेपुढे मांडायचे, बँक निवाडा करील, असा त्यामागचा समज आहे. हा समज मुळातच चुकीचा असून त्यापायी हक्काचे पैसेही अडकून पडतात.

परताव्याबद्दल फार सांगायला नको. अमुक तारखेपर्यंत नाव मागे घेतले तर इतके टक्के, त्यानंतर पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र असेल तर इतके, तबेल्याचे शुल्क वेगळे, हे सारे आयोजकांच्या नियमावलीत असते आणि अर्ज भरताना आपण ते मान्य केलेले असते.

चार्जबॅकमध्ये मात्र कार्ड देणारी बँक कार्ड नेटवर्कमार्फत आयोजकांच्या बँकेकडून रक्कम परत मागते. त्यासाठी ती मोजकेच प्रश्न विचारते: व्यवहार तुमच्या संमतीने झाला का, रक्कम बरोबर आहे का, ज्या सेवेचे पैसे घेतले ती ठरल्याप्रमाणे उपलब्ध करून दिली का, कबूल केलेला परतावा जमा झाला का. तुमची अडचण खरी होती का, किंवा नियमावली उदार आहे का, याच्याशी तिला कर्तव्य नसते. सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून हा भेद उदाहरणांनी पाहू.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी घोडा लंगडू लागला. स्वाराचे नुकसान खरे आहे, पण आयोजकांनी मार्ग आखलेला आहे, पशुवैद्यक नेमलेले आहेत, तबेला राखून ठेवलेला आहे. हा निव्वळ परताव्याचा विषय आहे. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगामुळे तुमच्या भागातून घोडे हलवण्यावर बंदी आली आणि स्पर्धा मात्र ठरल्या जागी पार पडली, तरीही उत्तर तेच. अशा वेळी बंदीच्या आदेशाची प्रत जोडून आयोजकांनाच पत्र लिहावे.

सर्वाधिक वाद व्हेट गेटवर, म्हणजे फेरीनंतर पशुवैद्यक घोडा तपासतात त्या जागी, थांबवलेल्या घोड्यांवरून होतात. पहिल्या फेरीनंतर हृदयाचे ठोके ठरलेल्या वेळेत मिनिटाला 64 पर्यंत उतरले नाहीत, किंवा दुडक्या चालीत घोडा पाय चुकवताना दिसला, म्हणून त्याला बाद केले, तर ‘सेवा मिळाली नाही’ अशी तक्रार बँकेत केली जाते. ही तक्रार मला सर्वांत जास्त खटकते, कारण घोड्याची तपासणी हा या खेळाचा गाभा आहे आणि प्रवेशशुल्कातला एक भाग त्या तपासणीसाठीच घेतलेला असतो. शिवाय अशी तक्रार टिकतही नाही. आयोजक उत्तरादाखल व्हेट कार्ड सादर करतात. त्यावर सुटण्याची वेळ, आत आल्याची वेळ, ठोक्यांचा आकडा, चालीचा शेरा आणि पशुवैद्यकाची सही असते. सेवा दिल्याचा याहून चांगला पुरावा कुठला?

याउलट आयोजकांनी स्पर्धाच रद्द केली आणि पैसे दाबून ठेवले, तर चार्जबॅकचा दावा भक्कम ठरतो. तारीख पुढे ढकलली असेल, तर नवी तारीख आणि नियमावलीतले कलम दोन्ही पाहावे लागतात. ‘पुढच्या हंगामात कधीतरी’ एवढ्यावर बोळवण करणाऱ्या आयोजकांना माझ्या मते स्थगिती म्हणण्याचा अधिकार नाही. आणि एक जागा अशी आहे, जिथे परताव्याचा विषय चार्जबॅकचा होतो. लंगड्या घोड्यासाठी आयोजकांनी ‘निम्मे शुल्क परत करतो’ असे ई-मेलने कळवले आणि ते आलेच नाही, तर त्या निम्म्या रकमेपुरता दावा बँकेत करता येतो. आधार घोड्याच्या दुखण्याचा नसतो, लेखी कबुलीचा असतो. म्हणून फोनवरच्या होकारावर विसंबू नये. लेखी उत्तर मागावे आणि ‘पैसे पाठवले’ असे सांगितले तर कार्डाच्या परताव्याचा 23 अंकी एआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, मागून घ्यावा. त्यावरून आपल्या बँकेला रक्कम शोधता येते.

दोन्ही वाटा एकाच वेळी धरू नयेत. चार्जबॅक चालू असताना परतावा दिला तर रक्कम दोनदा जाण्याचा धोका असतो, त्यामुळे सज्जन आयोजकही हात आखडता घेतात. मात्र वाट पाहण्यालाही मर्यादा आहे, कारण बऱ्याच प्रकारच्या कार्ड तक्रारींची मुदत साधारण 120 दिवसांची असते.

खाते वजा झाले, पण नोंदणीच झाली नाही, हा प्रकार या दोहोंत बसत नाही. तो फसलेला व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयने व्यापाऱ्याला केलेल्या अशा भरण्यात रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, त्यानंतर दर दिवशी 100 रुपये भरपाई.

आयोजकांच्या वैयक्तिक यूपीआय आयडीवर शुल्क भरू नये, असे माझे ठाम मत आहे. आपण स्वतः पिन टाकून एका व्यक्तीला पाठवलेले ते पैसे असतात. सेवा न मिळाल्याचा चार्जबॅक तिथे लागू होत नाही. संस्थेच्या नावाचा पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय) नसेल तर तो आधी सुरू करायला सांगावे.

नियमावलीच अन्यायकारक वाटत असेल, म्हणजे स्पर्धा आयोजकांनी रद्द केली तरी एक पैसाही परत मिळणार नाही असे कलम असेल, तर त्याची दाद ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली ग्राहक आयोगाकडे मागावी. स्पर्धा राजस्थानात झाली असली तरी तक्रारदार मुंबईत राहत असेल तर तक्रार मुंबईत करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. कित्येक आयोजक तेवढ्यानेच पत्राला उत्तर देतात.