संदर्भावरून अर्थबोध (इंग्रजी वाक्प्रयोग)

अनोळखी वाक्प्रयोग समोर आला असता शब्दकोश न उघडता, आजूबाजूच्या मजकुरावरून व प्रसंगावरून त्याचा अर्थ ताडण्याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी माणसाच्या ती वर्गाबाहेरच अंगवळणी पडते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि मराठी शाळेतल्या मुलांच्या वाट्याला कन्नड व इंग्रजी अशा दोन्ही भाषा आल्या. गच्च भरलेल्या बसमध्ये कंडक्टर ‘मुंदक्क होग्री’ म्हणत हात पुढे करतो, तेव्हा कन्नड न येणारा प्रवासीही पुढे सरकतो.

इंग्रजीत मेख वेगळी आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये क्रियापद सहसा शेवटी येते. इंग्रजीत ते मध्येच येते आणि त्यामागचा ऑफ, अप, आउट असा एवढासा शब्द सगळा अर्थ फिरवतो. दोन्ही शब्द ओळखीचे असल्याने अर्थ कळला असेच वाटते. खरा धोका तिथेच.

‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ बिकॉज ऑफ हेवी रेन’ हे वाक्य घ्या. खानापूरचा पाऊस पाहिलेल्या मुलाला सामना झाला नाही एवढे लगेच उमगते. पण तो रद्द झाला की पुढे ढकलला? पाऊस दोन्हींचे कारण असू शकतो. तिकिटांचे पैसे परत मिळतील असे पुढे लिहिलेले असेल, तर ‘रद्द’ हा अर्थ पक्का होतो. नुसता पुढे ढकलला असता, तर बहुधा ‘पुट ऑफ’ आले असते. पहिल्या तर्कावर न थांबता पुढची दोन वाक्ये वाचणे, ही या रीतीतली सर्वांत मोलाची सवय. शिक्षकाने धडा ओळीओळीने मराठीत सांगून टाकला की नेमकी तीच सवय लागायची राहते.

‘बट’, ‘ऑलदो’, ‘बिकॉज’ हे शब्दही पुढे उलट गोष्ट येते की कारण, याची दिशा दाखवतात.

मजकूर फार अवघड असेल तर तर्क चालत नाही. हू आणि पॉल नेशन या भाषा-अभ्यासकांच्या 2000 सालच्या अभ्यासानुसार कथा मदतीविना समजायला सुमारे 98 टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात; म्हणजे पन्नासांत एखादाच अनोळखी. त्यामुळे सकाळी मराठी वर्तमानपत्रात वाचलेली बातमीच इंग्रजीत पुन्हा वाचणे नवशिक्याला सोयीचे पडते.

करारपत्र, औषधाच्या सूचना, परीक्षेचा अर्ज यांत मात्र अंदाजावर विसंबू नये. तिथे कोश उघडावा आणि ‘कॉल’चा पहिला अर्थ घेऊन न थांबता खाली ‘कॉल ऑफ’पर्यंत जावे.