नंबर 9822चा, पण कंपनी कुठली?

"ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार" असला कॉल (ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक) आला की बरेच जण आधी तो नंबर गूगलवर टाकतात, मग एखादी साइट छातीठोकपणे सांगते की आयडिया, महाराष्ट्र अँड गोवा, आणि आपण त्या कंपनीला शिव्या घालून मोकळे. असल्या बऱ्याच साइट्स फक्त सुरुवातीचे चार-पाच आकडे बघतात हो. एकेकाळी तेवढं पुरायचं. 9822 आयडिया, 9422 बीएसएनएल, 9890 एअरटेल, हे पाढ्यासारखं पाठ असायचं लोकांना. पण जानेवारी 2011 पासून देशभर पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, सुरू झालं आणि जुलै 2015 पासून तर राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो, त्यामुळे ती सिरीज मुळात कुणाला मिळाली होती एवढंच त्या आकड्यांवरून कळतं.

मग कॉल लागतो कसा? तर तुम्ही डायल केलं की तुमची कंपनी आधी पोर्टिंगच्या डेटाबेसमध्ये बघते, नंबर पोर्ट झालेला असेल तर एक राउटिंग नंबर (ह्याला एलआरएन म्हणतात) मिळतो आणि पुढचे स्विच तो बघून कॉल योग्य कंपनीकडे नेतात. हे सगळं रिंग वाजायच्या आधी. हा नंबर आज कुणाच्या पदरात आहे, ह्याचं खरं उत्तर तिथेच.

आता खरी मजा. स्क्रीनवर दिसणारा नंबर हा कॉल सुरू करणाऱ्या बाजूने भरून पाठवलेला असतो. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून कुणी काहीही खरडावं, तसं. परदेशातला भामटा +91 चा नंबर लावून कॉल सोडतो, तो भारताच्या इंटरनॅशनल गेटवेवर, म्हणजे परदेशी कॉल देशात शिरतात त्या दारावर, येतो, आणि गेटवेवाल्याला प्रश्न पडतो की हा नंबर खोटा आहे की दुबईला गेलेल्या खऱ्याखुऱ्या माणसाचा? नंबर स्वतःच्या ग्राहकाचा असेल तर सोपं आहे, ग्राहक आत्ता कुठल्या नेटवर्कवर आहे ते कंपनीच्या रजिस्टरमध्ये असतंच, तो नाशिकमध्ये असेल तर परदेशातून त्याचा कॉल येईलच कसा, करा ब्लॉक. पण नंबर दुसऱ्या कंपनीचा असेल तर? तिचं रजिस्टर ह्याला दिसत नाही. म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये दूरसंचार विभागाने सीआयओआर नावाची सेंट्रल सिस्टीम सुरू केली, भारताबाहेर रोमिंगवर कोण आहे हे सगळ्या कंपन्यांसाठी एका जागी तपासायला. सरकारी आकडा सांगतो की पहिल्या 24 तासांत 1.35 कोटी कॉल अडवले. भारी आहे हे! अर्थात सगळा स्कॅम संपला असल्या हेडलाइन्स मनावर घेऊ नका, भामटे सरळ परदेशी नंबर दाखवून फोन करायला लागले.

आणि ते #90 दाबलं की सिम क्लोन होतं, अमुक नंबर उचलला की मोबाईल फुटतो, हे फॉरवर्ड म्हणजे लिंबू-मिरचीचीच डिजिटल आवृत्ती. नंबर टाकून कुणाचंही लाइव्ह लोकेशन दाखवणारी अ‍ॅप्सही त्याच माळेतली.

स्पॅम कॉलची तक्रार 1909 वर केली की ती तुमच्याच कंपनीकडे जाते, कंपनी आधी कॉल रेकॉर्डमध्ये बघते की असा कॉल खरंच आला होता का, म्हणून तारीख-वेळ बरोबर द्या, मग ज्या कंपनीच्या नंबरवरून कॉल निघाला तिच्याकडे तक्रार पाठवते आणि कारवाई तिने करायची. नियमाप्रमाणे सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. फसवणुकीचा कॉल असेल तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरची चक्षू ही तक्रारीची सोय, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

सिम बॉक्स पकडणं मात्र जास्त अवघड. एका खोलीत शेकडो सिम लावलेलं मशीन, परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल ते लोकल करून सोडतं. कॉल गेटवेवर जातच नाही, नंबर खरा, कंपनीही एका सेकंदात सापडते, पण सिम ज्याच्या कागदपत्रांवर घेतलंय त्या बिचाऱ्याला आपल्या नावावर असं काही आहे ह्याचा पत्ताच नसतो.