‘त्याची दया सनातन आहे’: एका ध्रुवपदाची पार्श्वभूमी

बायबलमधील स्तोत्रसंहितेतील १३६वे स्तोत्र उपासनेत आळीपाळीने वाचले जाते तेव्हा पाळक एकेक ओळ म्हणतात आणि मंडळी प्रत्येक वेळी एकच उत्तर देते: “त्याची दया सनातन आहे.” वचने २६ आणि उत्तरही २६ वेळा तेच. हे शब्द सुखात असलेल्या माणसांनी सुखासाठी रचले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या ओळीचा प्रवास बहुतेक संकटातूनच झालेला आहे, आणि देवाच्या चांगुलपणाविषयी बोलताना तो प्रवास डोळ्यांसमोर असणे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते.

ज्या शब्दासाठी मराठीत ‘दया’ आले, तो मूळ हिब्रू शब्द ‘हेसेद’. जुन्या करारात तो सुमारे २५० वेळा येतो. दुबळ्याची कीव येणे एवढाच त्याचा अर्थ नाही. दिलेला शब्द पाळणारे, कराराला जागणारे प्रेम, असा त्याचा गाभा आहे. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी बहुधा ‘एलेओस’ म्हणजे करुणा हा शब्द घेतला आणि तोच अर्थ पुढे अनेक भाषांत रूढ झाला. ‘दया’ चुकीची नाही, पण तिच्यामागे निष्ठा उभी आहे हे विसरले की ‘सनातन’ या शब्दाचे वजन कमी होते.

राजा शलमोनाच्या मंदिरात कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या ठेवलेली पेटी, आणला गेला तेव्हा १२० याजक कर्णे वाजवत होते आणि गायक “कारण तो चांगला आहे, त्याची दया सनातन आहे” ही ओळ गात होते, असे जुन्या करारातील दुसरा इतिहास या ग्रंथाच्या ५व्या अध्यायात आहे. त्याच ग्रंथात, २०व्या अध्यायात, मवाबी आणि अम्मोनी चालून आले असता राजा यहोशाफाट सैन्याच्या पुढे गायकांना चालवतो. तेथे एक बारीक फरक आहे: “त्याची दया सनातन आहे” हे शब्द आहेत, पण “कारण तो चांगला आहे” हे नाहीत. यहुदी गुरूंनी ही उणीव हेरली आणि तालमुद या आपल्या धर्मग्रंथात तिचे कारण दिले की, दुष्टांचा नाश होताना देव आनंद मानत नाही. इस्राएलांचा पाठलाग करणारे मिसरी सैन्य समुद्रात बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा माझ्या हातची निर्मिती बुडते आहे आणि तुम्ही गाता काय, असे देवाने विचारल्याची कथाही तेथेच येते. मिसरचा राजा फारो याच्या नाशाची ओळ १३६व्या स्तोत्रात वाचताना ज्याचे मन अडखळते, त्या प्रत्येकाने ही कथा जवळ बाळगावी.

पुढे यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला. तटबंदीच्या डागडुजीसाठी शहरातली घरे, राजवाडेसुद्धा, पाडली जात होती आणि यिर्मया संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. याच ओसाड रस्त्यांवर वधूवरांचा शब्द आणि “परमेश्वर चांगला आहे” असे म्हणणाऱ्यांचा शब्द पुन्हा ऐकू येईल, हे वचन त्याला त्या कैदेत मिळाले. बाबेलमधल्या पाडावपणातून, म्हणजे बंदिवासातून, परतलेल्यांनी दुसऱ्या मंदिराचा पाया घातला तेव्हा ती ओळ खरोखरच गायली गेली. मात्र पहिले मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्याने रडत होते आणि जयघोष कोणता व रडणे कोणते हे लोकांना ओळखू येईना, अशी नोंद एज्राच्या ३ऱ्या अध्यायात आहे.

वल्हांडण, म्हणजे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा सण, याच्या भोजनात ११३ ते ११८ ही स्तोत्रे म्हणण्याची यहुदी परंपरा आहे. त्यांतले ११८वे याच ओळीने सुरू होते आणि याच ओळीने संपते. शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू आणि शिष्य गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असे मत्तय सांगतो. ते गीत याच स्तोत्रांपैकी असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. इसवी सन ३५६ मध्ये आलेक्सांद्रियात रात्रीच्या जागरणावेळी सैनिकांनी ख्रिस्ती उपासनामंदिराला वेढा घातला, तेव्हा बिशप अथानासियस जागचा उठला नाही. त्याने डीकनला, म्हणजे उपासनेतील सेवकाला, स्तोत्र वाचायला सांगितले आणि लोकांना हेच उत्तर द्यायला लावले.

मराठीत ही ओळ मिशनरी आणि त्यांचे मराठी सहकारी यांच्या भाषांतरांतून आली. तिला स्वतः हिब्रू शिकून भिडलेली व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. १३६व्या स्तोत्राच्या २५व्या वचनात, सृष्टी, समुद्र आणि राजे यांच्यानंतर, देव सर्व प्राण्यांना अन्न देतो असे म्हटले आहे. रमाबाईंनी आईवडील आणि बहीण यांना दुष्काळात गमावले होते, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुलींना आश्रय दिला. त्यांनी सबंध बायबल मराठीत आणले. केडगावच्या मुक्ती सदनात तिथल्याच स्त्रियांनी त्याच्या छपाईचे काम केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.