शियाचं झाड आणि तंगीचे महिने

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, सेनेगलपासून युगांडापर्यंत, गवताळ माळरानांचा लांबलचक पट्टा आहे. तिथे शियाचं झाड आपोआप उगवतं. व्हिटेलारिया पॅरॅडॉक्सा हे त्याचं शास्त्रीय नाव; आपल्या मोहाच्याच कुळातलं. शेतासाठी रान साफ करताना शेतकरी हे झाड राखतात आणि भोवताली ज्वारी-बाजरी पेरतात. मुद्दाम लावणारे मात्र थोडेच, कारण फळ धरायलाच १५ ते २० वर्षं जातात.

शियाचं मोल नुसत्या किलोच्या भावात शोधलं तर हाती फार काही लागत नाही. खरं मोल आहे ते फळांच्या वेळेत. फळं साधारण मे ते ऑगस्टमध्ये गळतात. तेव्हा मागच्या वर्षीचं धान्य सरत आलेलं असतं, नवं पीक अजून शेतात उभं असतं आणि पेरणी-खुरपणीची कामं ऐन भरात असतात. अशा वेळी गर पोटात जातो आणि बी विकून धान्य आणता येतं. बिया वेचणं आणि त्यांचं लोणी, म्हणजे बियांतला घट्ट स्निग्धांश, काढणं ही बायकांची कामं, त्यामुळे हा पैसा बहुधा त्यांच्याच हाती राहतो. शिवाय बरंच लोणी घरच्या स्वयंपाकातच संपतं. ते बाजारात जातच नाही, म्हणून कुठल्या हिशेबातही येत नाही.

या कामात विज्ञानही भरपूर आहे. वेचलेली बी ओली पडून राहिली की तिला मोड येतात किंवा बुरशी धरते, आतली विकरं (एन्झाइम) स्निग्धांश फोडू लागतात आणि मुक्त मेदाम्लं वाढून प्रत उतरते. म्हणून बिया वेळेवर उकळून उन्हात खडखडीत वाळवतात. मग फोडणं, भाजणं, दळणं आणि पाणी घालून हातांनी घुसळत राहणं. वर तरंगणारा स्निग्धांश कढवला की लोणी तयार. सरपण आणि पाणी दोन्ही ढीगभर लागतं, आणि तेही बायकाच वाहून आणतात.

या लोण्यातल्या स्टिअरिक आणि ओलिक आम्लांची रचना चॉकलेटमधल्या कोको बटरशी जुळते. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांना परवानगी दिली, त्यांत शिया आहे, आणि आपलं साल वृक्षाच्या बियांचं तेल व कोकमाच्या बियांचं मुठेलही आहे.

पण कच्ची बी परदेशी जाते तेव्हा प्रक्रियेची कमाईही तिच्यासोबत जाते. म्हणून नायजेरियाने ऑगस्ट २०२५ मध्ये कच्च्या बियांच्या निर्यातीवर सहा महिन्यांची बंदी घातली. हेतू रास्त आहे. मात्र देशात पुरेसे कारखाने नसतील तर भाव पडतो, आणि त्याची झळ आधी वेचणारीलाच बसते.

झाडांचंही बरं चाललेलं नाही. शियाची नवी रोपं पडीक शेतात वाढतात आणि जमीन पडीक ठेवण्याचा काळ आता आखडत चालला आहे. कोळशासाठी जुनी झाडंही तुटतात. वेचणारी बाई असली तरी जमीन बहुतेक ठिकाणी पुरुषाकडे असते, त्यामुळे झाड राखायचं की तोडायचं, हे ठरवताना तिला क्वचितच विचारलं जातं.